मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

तिकिटावर लिहिलेलं असतं: मुंबईहून निघणार ०२:३०, न्यूयॉर्कला पोहोचणार ०८:२०, तारीख तीच. वजाबाकी करून कोणी म्हणतं, सहा तासांत अमेरिका. परतीच्या तिकिटावर तीच वजाबाकी पंचवीस तासांच्या वर जाते, मग ‘येताना विमान लांबून फिरून येतं’ असा निष्कर्ष निघतो. दोन्ही चूक. अंतर शोधणाऱ्यांचंही तसंच होतं. एक साइट १२,५५० म्हणते, दुसरी ७,८०० म्हणते, तिसरी ६,७७६, आणि तिन्ही बरोबर असतात, कारण पहिली किलोमीटरमध्ये, दुसरी मैलांत आणि तिसरी सागरी मैलांत बोलत असते.

गोंधळाचं मूळ एकच. वेगवेगळे चार आकडे एकच समजून वापरले जातात. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर हा एक. विमान प्रत्यक्षात कापतं ते अंतर हा दुसरा. गेटपासून गेटपर्यंतचा वेळ हा तिसरा आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ चौथा. हे याच क्रमाने काढायचे असतात, कारण प्रत्येक आकडा आधीच्यावर उभा असतो. खालचं सगळं उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं आहे. पद्धत कुठल्याही दोन लांबच्या शहरांना चालते, फक्त आकडे बदलायचे.

तयारी: हाताशी काय हवं

तिकीट, म्हणजे कंपनीकडून आलेली पीडीएफ. व्हॉट्सॲपवर कोणीतरी टाइप करून पाठवलेला सारांश नको. तारखेची चूक बहुतेक वेळा तिथेच होते. एक कोरा कागद. वैज्ञानिक कॅल्क्युलेटर (फोन आडवा धरला की बऱ्याच फोनमध्ये तो उघडतो). आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहायची सवय. ‘रात्रीचे साडेबारा’ यातून तारीख कळत नाही, ‘१५ जानेवारी ००:३०’ यातून कळते.

टप्पा १: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

‘न्यूयॉर्क’ म्हणजे जेएफके, ला ग्वार्डिया की नेवार्क? भारतातून जाणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला जेएफके किंवा नेवार्क येतो. दोघांमध्ये सरळ रेषेत अंतर तीसेक किलोमीटरच, त्यामुळे हवाई अंतरात आणि उड्डाणाच्या वेळेत काही फरक पडत नाही. जमिनीवर मात्र पडतो. नेवार्क न्यू जर्सीत आहे. एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन भागात मुलगा-मुलगी राहत असतील तर नेवार्क सोयीचा. जेएफकेहून तिकडे यायचं तर आख्खं शहर ओलांडावं लागतं.

आपल्या बाजूलाही आता हेच झालं आहे. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड बीओएम, तर डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झालेल्या नवी मुंबईचा एनएमआय. गोव्यात दाबोळी आणि मोपा. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन अशी रांगच आहे.

सावधान: एका विमानतळावर उतरून त्याच शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून पुढची फ्लाइट असेल, तर तो साधा थांबा नसतो. इमिग्रेशन, सामान, रस्त्यावरची वाहतूक आणि पुन्हा चेक-इन, सगळं त्यात आलं. तिकीट स्वस्त दिसण्याचं कारण कधी कधी हेच असतं.

टप्पा २: हवाई अंतर काढा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. या रेघेची लांबी सुमारे १४,२०० किमी भरते. पृथ्वीच्या गोलावर मात्र सर्वांत जवळची वाट वेगळीच आहे. मुंबईहून उत्तर-वायव्येला निघून ती मध्य आशिया आणि रशियावरून वर चढते, फॅरो बेटांच्या आसपास जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांश गाठते आणि आइसलंडकडून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून न्यूयॉर्कला उतरते. हिला ग्रेट सर्कल म्हणतात. लांबी सुमारे १२,५५० किमी, म्हणजे सपाट रेघेपेक्षा सोळाशेहून जास्त किलोमीटर कमी. नकाशावर वाकडी दिसणारी वाटच इथे सरळ आहे. शंका असेल तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

हे अंतर मिळवायचे दोन मार्ग.

सोपा मार्ग: ग्रेट सर्कल मॅपर या साइटवर दोन विमानतळांचे कोड टाका. किंवा संगणकावर गूगल मॅप्स उघडा, एका विमानतळावर उजवं क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा.

हाताने करायचं असेल तर असं:

१. अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

२. रेखांशांतला फरक काढा. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्याने इथे बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही पूर्व असते तर वजाबाकी.

३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०.

४. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.

५. दोन्ही उत्तरांची बेरीज: −०.३८६०. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन: ११२.७ अंश.

६. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.१९५ किमी. गुणाकार सुमारे १२,५३० किमी.

साइट १२,५५० म्हणेल आणि तुमचं १२,५३० येईल. घाबरू नका. आपण पृथ्वी अगदी गोल धरली. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. यामुळे येणारी तफावत अर्ध्या टक्क्यापर्यंत असते, आणि वेळेच्या हिशोबात ती चार-पाच मिनिटांपलीकडे जात नाही.

उत्तर भलतंच आलं तर तीन ठिकाणी बघा. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) असेल. एक्सेल तर कायम रेडियनच धरतं, तिथे अंश आधी बदलून घ्यावे लागतात. पश्चिम रेखांशाला ऋण चिन्ह द्यायचं राहिलं असेल. किंवा ४० अंश ३८ मिनिटे हे ४०.३८ असं लिहिलं असेल, ते ४०.६३ हवं, कारण अंशाची मिनिटं साठ असतात.

पडताळणी: किलोमीटरला १.६०९ ने भागलं की मैल, १.८५२ ने भागलं की सागरी मैल. १२,५५० किमी म्हणजे ७,८०० मैलांच्या जवळ, म्हणजेच सुमारे ६,७७६ सागरी मैल. विमान कंपन्यांचे फ्लायर ‘माइल्स’ साधे मैल असतात, वैमानिक सागरी मैल वापरतो. दोन आकडे जुळत नसतील तर आधी एकक तपासा.

टप्पा ३: विमान प्रत्यक्षात किती उडतं

ग्रेट सर्कल ही किमान लांबी. विमान तिच्यावरून तंतोतंत कधीच जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, वादळं, वारा आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बंद आकाश. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. त्याच सुमारास रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना दार लावलं, भारतीय कंपन्यांना नाही. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आकाश बंद ठेवलं होतं आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश काही दिवस बंद राहिलं.

म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांच्या विमानांची वाट वेगळी असू शकते. याचा फटका दिल्लीला जास्त बसतो, मुंबईला कमी, कारण मुंबईहून अरबी समुद्रावरून बाहेर पडता येतं. पाकिस्तानच्या बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट्सना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं ते यामुळेच.

अंदाजासाठी ग्रेट सर्कल अंतरात सर्वसाधारण परिस्थितीत ५ टक्के वाढवा. आकाश बंद असेल तर ८ ते १० टक्के. आपल्या उदाहरणात १२,५५० × १.०५ = सुमारे १३,१८० किमी.

टप्पा ४: वेग आणि वारा

बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारखी लांब पल्ल्याची विमानं उंचीवर ताशी ८९०–९०५ किमी वेगाने उडतात. ए३२० किंवा ७३७ थोडी हळू, ८३० च्या आसपास. हा वेग हवेच्या तुलनेत असतो. हवाच वाहत असेल तर जमिनीवरचा वेग बदलतो.

उत्तर गोलार्धात, विमानं उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हाच जेट प्रवाह. तो हिवाळ्यात जास्त जोरात असतो आणि दक्षिणेकडे सरकतो, उन्हाळ्यात मंदावतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं, एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. सगळी करामत पाठच्या वाऱ्याची.

पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला जाताना शहर ‘आपल्याकडे येतं’ आणि वेळ वाचायला हवा, असा एक समज फार पसरलेला आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तसं काही होत नाही. होतं ते उलटंच: पश्चिमेला जायला वेळ जास्त लागतो.

मुंबई–न्यूयॉर्कसाठी संपूर्ण वाटेवरचा सरासरी वारा ताशी ४५ किमी धरा. हिवाळ्यात ५० ते ७०, उन्हाळ्यात २५ ते ४० धरला तरी चालेल.

जाताना: ८९५ − ४५ = ८५०. मग १३,१८० ÷ ८५० = १५.५ तास.
येताना: ८९५ + ४५ = ९४०. मग १३,१८० ÷ ९४० = १४.०२ तास.

सावधान: १५.५ तास म्हणजे १५ तास ३० मिनिटं, १५ तास ५० मिनिटं नव्हे. दशांश भागाला ६० ने गुणायचं. ही चूक इतकी सरसकट होते की उत्तर अर्ध्या तासाच्या आसपास चुकलं, तर आधी इथेच बघावं.

सॅन फ्रान्सिस्कोसाठी मात्र ‘जाताना समोरचा वारा’ हा नियम डोळे मिटून लावू नका. भारताच्या दृष्टीने ते जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे पूर्वेकडून, पॅसिफिकवरूनही जाता येतं. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली. अंतर हजारभर किलोमीटरहून जास्त वाढलं, वेळ मात्र सुमारे दोन तासांनी घटला, कारण समोरचा वारा पाठीमागे आला. अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हे गणित हवेत नेहमी चालत नाही.

टप्पा ५: गेट ते गेट

तिकिटावर छापलेला कालावधी हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते दुसरीकडे गेटला लागेपर्यंतचा तो असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतल्या वेळेत दोन गोष्टी मिळवा:

१. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची १५ मिनिटं.

२. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणं, ३० ते ३५ मिनिटं. जेएफकेसारख्या गर्दीच्या विमानतळावर संध्याकाळी यापेक्षा जास्तही.

जाताना १५:३० + ०:१५ + ०:३५ = १६ तास २० मिनिटं. येताना १४:०१ + ०:५० = साधारण १४ तास ५० मिनिटं.

कंपन्या याशिवाय थोडा राखीव वेळ टाकतात, म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी ‘वेळेवर’ पोहोचतं.

इथे त्रैराशिक मांडायचा मोह आवरा. मुंबई–दिल्ली ११४० किमीला सव्वादोन तास, म्हणून १२,५५० किमीला पंचवीस तास? छोट्या फ्लाइटमध्ये वेळेचा मोठा हिस्सा जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यात जातो. हा हिस्सा अंतराबरोबर वाढत नाही.

पडताळणी: फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर (ट्रॅकरवर) फ्लाइट क्रमांक टाकून गेल्या काही दिवसांची उड्डाणं बघा. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त वेळ सोडून मधला घ्या. तुमच्या आकड्यात आणि त्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक असेल तर टप्पा ३ मध्ये धरलेले ५ टक्के कमी पडलेत, किंवा ट्रॅकर नुसता हवेतला वेळ दाखवतोय आणि तुम्ही तो गेट-ते-गेट वेळेशी ताडून पाहताय. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट्स वारा धरतच नाहीत, म्हणून त्यांचा वेळ जाताना-येताना सारखाच असतो. तो नुसता अंदाज समजा.

टप्पा ६: घड्याळ लावा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. इथे घाई करू नका.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. निघायची मुंबईची, पोहोचायची न्यूयॉर्कची. दोन वेगवेगळ्या घड्याळांतली वजाबाकी निरर्थक आहे. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मगच वजा करा.

न्यूयॉर्क भारताच्या मागे किती, हे तारखेवर ठरतं:

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ९ तास ३० मिनिटं.
उरलेल्या काळात १० तास ३० मिनिटं.

आता जानेवारीतलं उदाहरण.

जाताना: मुंबई १५ जानेवारी ०२:३०, जेएफके १५ जानेवारी ०८:२०. पोहोचण्याच्या वेळेत १०:३० मिळवा, म्हणजे भारतात तेव्हा १८:५० वाजलेले असतील. १८:५० − ०२:३० = १६ तास २० मिनिटं.

येताना: जेएफके २० जानेवारी ११:३०, मुंबई २१ जानेवारी १२:५०. निघण्याची वेळ भारतीय करा: २० जानेवारी २२:००. तिथून दुसऱ्या दिवशी १२:५० पर्यंत १४ तास ५० मिनिटं.

पडताळणीची एक फार उपयोगी युक्ती आहे. दोन्ही दिशांची चुकीची, नुसती वजाबाकी करा: जाताना ५:५०, येताना २५:२०. बेरीज ३१:१०. आता खऱ्या कालावधींची बेरीज करा: १६:२० + १४:५० = ३१:१०. दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत, कारण जाताना जेवढे तास घड्याळ ‘गिळतं’ तेवढेच येताना परत देतं. नाही जुळल्या तर वेळेचा फरक मिळवायच्या जागी वजा केलाय किंवा तारीख चुकलीये. जाणं आणि येणं यांच्यामध्ये अमेरिकेत घड्याळ बदललं असेल तर एका तासाचा फरक उरेल, तेवढा चालतो.

सावधान, अर्धा तास: भारताची वेळ अर्ध्या तासावर अडकलेली आहे. दोन्ही शहरांतल्या मिनिटांचे आकडे एकसारखे असणारा हिशोब दिसला (भारतात १४:२०, तिकडे ०४:२०) की समजा, अर्धा तास कुठेतरी सांडलाय.

सावधान, घड्याळ-बदलाचा दिवस: त्या रविवारी उड्डाण असेल तर पोहोचण्याच्या क्षणी तिथे जी वेळ लागू असेल तीच वापरायची. ८ मार्च २०२६ चं उदाहरण घ्या. मुंबईहून ०२:३० ला निघालेलं विमान १६ तास २० मिनिटांनी, म्हणजे भारतीय १८:५० ला पोहोचतं. विमान हवेत असतानाच न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं, म्हणून तिथे ०९:२० वाजलेले असतात, ०८:२० नव्हे.

युरोपातून जात असाल तर आणखी एक गाठ. ब्रिटन आणि युरोपचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेच्या तारखा वेगळ्या. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांतला फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा होतो. दुबई (भारताच्या दीड तास मागे) आणि दोहा (अडीच तास मागे) इथे घड्याळ वर्षभर हलत नाही. विमान कंपन्यांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात, म्हणून फेब्रुवारीत पाहिलेली वेळ एप्रिलच्या तिकिटासाठी वापरू नका.

आणि सर्वांत महागात पडणारी चूक: १५ जानेवारी ०२:३० ची फ्लाइट म्हणजे १४ तारखेच्या रात्री घर सोडायचं. ‘पंधराला रात्री अडीचची फ्लाइट’ असं तोंडी सांगितलं की ऐकणारा पंधराची संध्याकाळ धरतो आणि विमान जाऊन सतरा-अठरा तास झाल्यावर बॅगा गाडीत चढतात. कॅलेंडरवर १४ तारखेवर लिहा: ‘आज रात्री निघायचं’. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर उतरण्याची तारीख एक दिवस पुढची. घ्यायला येणाऱ्याला ती तारीखच कळवा, निघायची नव्हे.

टप्पा ७: मध्ये थांबा असेल तर

आधी अंतर बघा, मग भाडं. लंडन जवळपास वाटेवरच आहे: मुंबई–लंडन ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५० मिळून १२,७६० किमी, थेट अंतरापेक्षा जेमतेम दोनशे जास्त. दुबईमार्गे १,९३० + ११,०२० = १२,९५०. सिंगापूरमार्गे मात्र ३,९०० + १५,३५० = १९,२५० किमी, म्हणजे दीडपटीहून अधिक. तिकीट स्वस्त असलं तरी हे उलट्या दिशेला जाणं आहे.

कालावधी काढताना मधल्या गावाच्या वेळेत अडकू नका. पहिलं निघणं आणि शेवटचं पोहोचणं, एवढंच भारतीय वेळेत आणा. समजा, मुंबई ०४:३०, दुबई ०६:१०. दुबई ०८:३०, जेएफके १४:०० (जानेवारी). शेवटची वेळ भारतीय करा: ००:३०, दुसरा दिवस. एकूण २० तास. तुकड्यांनी ताळा: ३:१० उड्डाण, २:२० थांबा, १४:३० उड्डाण. बेरीज २० तास. थांब्याची वजाबाकी सरळ करता येते, कारण दोन्ही वेळा एकाच गावच्या आहेत.

थांबा किती पुरतो? एकाच तिकिटावर, एकाच टर्मिनलमध्ये दीड-दोन तास पुरतात; टर्मिनल बदलत असेल तर तीन धरा. अमेरिकेत उतरून पुढे देशांतर्गत फ्लाइट असेल तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि साधारणपणे सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, तिथे तीन तासांहून कमी घेऊ नका. अबू धाबी, डब्लिन आणि शॅनन इथे मात्र अमेरिकी इमिग्रेशन आधीच उरकतं. तिथला थांबा लांबतो आणि अमेरिकेत उतरल्यावरची रांग वाचते. दोन वेगवेगळी तिकिटं जोडली असतील तर पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकीट काढण्याआधी बघायचं, नंतर नव्हे.

टप्पा ८: दारापासून दारापर्यंत

औषधांचे डोस, लहान मुलांचं खाणं, पोहोचल्यावरची मीटिंग, या सगळ्यांना लागतो तो हाच आकडा. पुण्याहून एडिसनला जाणाऱ्यासाठी, वरचीच थेट फ्लाइट धरून, मागे मोजत जा:

१. विमान सुटणार १५ जानेवारी ०२:३०. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. नेमकी वेळ तिकिटावर बघा.

२. विमानतळावर हजर: १४ जानेवारी २३:००.

३. पुण्याहून निघणं: १४ जानेवारी १८:००. एरवी चार तासांत होतं, पण घाटात एक ट्रक आडवा झाला की होत नाही. पावसाळ्यात आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी आणखी एक तास.

४. जेएफके गेट ०८:२०. इमिग्रेशन आणि बॅगा मिळून १०:३०.

५. एडिसन, गाडीने दीड तास: १२:००. भारतात तेव्हा १५ तारखेचे २२:३० वाजलेले असतील.

१८:०० पासून दुसऱ्या दिवशी २२:३० पर्यंत साडेअठ्ठावीस तास. हवेतले त्यातले साडेपंधरा.

ठरावीक तासांनी घ्यायची औषधं, विशेषतः इन्सुलिन, यांचा तक्ता याच भारतीय वेळेच्या कागदावर आखून निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. परतीचा तक्ता वेगळा लागतो: तो दिवस घड्याळात साडेदहा तासांनी आखूड होतो, त्यामुळे ‘सकाळ-संध्याकाळ’ असा डोस घेतला तर दोन डोस फार जवळ येतात. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, प्रिस्क्रिप्शनसकट. चेक-इन केलेली बॅग एक दिवस मागे राहू शकते.

घ्यायला येणाऱ्याला तीनच गोष्टी पाठवा: फ्लाइट क्रमांक, टर्मिनल आणि तिथल्या वेळेनुसार गेटला लागण्याची तारीख-वेळ. त्यांना घरून निघायचं ते त्यानंतर तासाभराने बाहेर पोहोचतील अशा बेताने. पण आधी ट्रॅकर बघून: समोरचा वारा कमी असला तर न्यूयॉर्कची फ्लाइट अर्धा-पाऊण तास लवकरही उतरते.